दुसरा गिअर

बापूसाहेब रणदिव्यांची नवी मोटार जव्हारला आली त्या दिवशी बाजारपेठेतले दुकानदार गल्ले उघडे टाकून रस्त्यावर आले होते. तोवर जव्हारकरांनी पाहिलेल्या मोटारी म्हणजे उघड्या, कापडी टपाच्या; धुळीत बसलेला माणूस उतरेपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसायचा. ही चारी बाजूंनी बंद होती. खिडक्यांना काचा, काचांना आतून रेशमी पडदे, दारांना चांदीसारख्या मुठी, परातीएवढे दोन दिवे. रंग असा गर्द निळा की शेजारी उभं राहून माणसाने मिशी नीट करावी.

बापूसाहेब मूळचे ठाण्याचे. जव्हार-मोखाड्याच्या जंगलातल्या लाकडाचे मक्ते घ्यायचे, आणि थंड हवेसाठी गावाबाहेर त्यांनी बंगला बांधला होता. माणूस वाईट नव्हता. पण मोटारींचं वेड मोठं. पंचवीस सालच्या दिवाळीनंतर ही विलायती गाडी मुंबईच्या बंदरात उतरली आणि तिथून ती इथवर हाकत आणली नूरमोहम्मदने.

नूरमोहम्मद जव्हारच्या लोहाराचा मुलगा. बापाच्या भात्याशी वाढला, टांग्याच्या चाकांवर लोखंडी धावा चढवायला शिकला. बापूसाहेबांची जुनी मोटार एकदा बाजारातच बंद पडली. मुंबईचा मेकॅनिक येईपर्यंत चार दिवस जायचे होते. नूरमोहम्मदने ती संध्याकाळपर्यंत खोलली, जोडली आणि चालू करून दाखवली. तेव्हापासून तो बंगल्यावर शोफर. खाकी कोट मिळाला, टोपी मिळाली. पण त्याच्याजवळ कुठल्या कंपनीचं सर्टिफिकेट नव्हतं आणि हे तो एक दिवसही विसरला नाही. बापूसाहेबांचे मुंबईचे स्नेही आले की कोणीतरी म्हणायचंच, "एवढी भारी गाडी, आणि हाती लोहाराच्या? एखादा शिकलेला ड्रायव्हर ठेवा की." बापूसाहेब हसून वेळ मारून न्यायचे. नूरमोहम्मद गाडी पुसत ऐकायचा.

त्याच्या जोडीला पोश्या होता. साखरशेत गावचा, नूरमोहम्मदच्याच वयाचा, आधी बापूसाहेबांच्या जंगलतोडीवर कुऱ्हाड चालवायचा. मोटारीच्या पायरीवर उभं राहायचं, चढावर गाडीचा दम तुटला की उडी मारून मागच्या चाकाला ऐनाच्या लाकडाचा ठोकळा लावायचा, हे त्याचं काम. सहा वर्षं दोघांनी घाट एकत्र चढले-उतरले होते. पोश्या सगळ्यांनाच 'तू' म्हणायचा, बापूसाहेबांनासुद्धा; त्याच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच. नूरमोहम्मदला तो नूरभाई म्हणायचा.

नवी गाडी येऊन आठवडा झाला असेल. बापूसाहेबांच्या कारकुनाला मोखाड्याला सोडून दोघं रिकामी गाडी घेऊन परतत होते. वाटेत पोशेरा गावाच्या बाजूला एक लांब, वळणाचा उतार होता. अशा उतारावर नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाही. या गाडीला ब्रेक होते ते मागच्या दोनच चाकांना. ते तापले की धरत नाहीत. म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घालायची, मग इंजिनच तिला मागे ओढून धरतं. नूरमोहम्मदने तसंच केलं. निम्मा उतार सरला आणि 'खट्' असा आवाज झाला. गिअरचा दांडा आपोआप सुटून मध्ये आला. इंजिन मोकळं झालं आणि गाडीने धाव घेतली.

नूरमोहम्मदने पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला. गाडी मंदावली तेवढ्यात पोश्याने उडी टाकून चाकापुढे ठोकळा सरकवला. गाडी हिसका देऊन थांबली.

नूरमोहम्मद खाली उतरला. मग पोश्याने विचारलं, "नूरभाई, ही नवी ना?"

"नवी."

"मंग हिचा दात कसा निखळला?"

नूरमोहम्मदने गाडीच्या तळाचं झाकण काढून आत पाहिलं. दात शाबूत होते. पण दांडा जागेवर धरून ठेवणारी काहीतरी पकड नरम होती, एवढं त्याच्या हाताला कळलं. पुढच्या दोन दिवसांत त्याने तीनदा पाहिलं. सपाटीवर गिअर राही, भर उतारावर सुटे.

"मालकाला सांग," पोश्या म्हणाला.

"सांगतो."

"कवा?"

"पाहुणे येणार आहेत परवा. ते मोटारीतले दर्दी आहेत. त्यांच्यासमोरच सांगतो, म्हणजे त्यांनाही पटेल."

खरं कारण वेगळं होतं. एकट्या बापूसाहेबांना सांगावं तर ते पहिला प्रश्न विचारतील, मुंबईहून आणताना तू काय केलंस हिचं? जाणकार माणसं समोर असली तर ती तरी म्हणतील की दोष गाडीचा आहे, हाकणाऱ्याचा नाही. हे नूरमोहम्मदने पोश्याला सांगितलं नाही. घरी खैरुनला मात्र सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "जे आहे ते बोला. लोहाराचं पोर म्हणून आणखी किती दिवस घाबरणार?"

पाहुणे दोन होते. एक मुंबईचे बॅरिस्टर तळपदे, दुसरे डहाणूचे रुस्तमजी, ज्यांच्या वाडीत चिकूच्या झाडांपेक्षा मोटारींच्या सुट्या भागांची चर्चा जास्त व्हायची. दुपारचं जेवण आटोपून तिघं बंगल्याच्या ओसरीवर आले. मोटार समोर उन्हात उभी होती.

तळपदे तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "बापूसाहेब, मान गये! बॉनेटपासून पाठीपर्यंत एकच रेघ आहे, कुठे तुटत नाही. आणि ते मडगार्ड पाहा, राजहंसाने पंख मिटावेत तसं. आजवर आपण मोटारीत बसत होतो. ही पहिली मोटार, जिच्यात आपण राहायला जातो."

"रेघ तुम्ही कोर्टात दाखवा, तळपदे," रुस्तमजी म्हणाले. "मला खालचं दाखवा." आणि पांढराशुभ्र डगला घातलेला तो साठीचा माणूस सरळ जमिनीवर उताणा झाला आणि गाडीखाली शिरला. आतून त्याचा आवाज येत राहिला. "इंजिन फर्स्ट क्लास. सहा सिलिंडर, घड्याळासारखे. शाफ्ट सरळ. पण बापूसाहेब, पाठ लई जड केली हो! एवढा मोठा काचेचा बंगला मागच्या आसावर ठेवला, आणि ब्रेक दोनच? आता चारी चाकांना ब्रेक निघाले. तुमची गाडी दिसायला राणी, पण राणीला घाट उतरायला सांगू नका."

"घाट चढून-उतरूनच आली आहे ती," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बंद गाडी जड असणारच," तळपदे म्हणाले. "सौंदर्याला वजन असतं."

"वजनाला ब्रेक लागतो!"

वाद तासभर रंगला. दिव्यांचा घाट, चाकांच्या आऱ्या, क्लचची कातडी, रंगाचे किती हात दिले असतील. एक म्हणायचा गाडी डोळ्यांसाठी असते, दुसरा म्हणायचा ती टाचेखाली कळते. नूरमोहम्मद गाडीच्या दाराशी उभा राहून ऐकत होता आणि मनात वाक्य जुळवत होता. फाटकाजवळच्या आंब्याखाली पोश्या बसला होता. त्याला शब्द ऐकू येत नव्हते, पण माणसं दिसत होती.

शेवटी तळपदे म्हणाले, "आपण तिघं बसणारे. जो रोज हाकतो त्याला विचारू या. ए, नूरमोहम्मद, इकडे ये." आणि त्यांनी स्वतः उठून एक वेताची खुर्ची पुढे ओढली. "बस. आज तू आमचा तज्ज्ञ."

नूरमोहम्मदने बापूसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. तो खुर्चीच्या कडेवर टेकला. बंगल्यातल्या माणसाने त्याच्या हातात चिनी मातीचा कप दिला, साहेबांच्याच सेटमधला. सहा वर्षांत या ओसरीवर तो पहिल्यांदा बसत होता.

"बापूसाहेब सांगत होते, सर्टिफिकेटवाल्यांच्या तोंडात मारेल असा माझा माणूस आहे," तळपदे म्हणाले. "तेव्हा बोल. गाडी कशी आहे?"

बापूसाहेबांनी असं म्हटलं होतं? नूरमोहम्मदचे कान गरम झाले. त्याने कप बशीत ठेवला.

"साहेब, दुसरा गिअर..." तो म्हणाला.

"हां," रुस्तमजी पुढे सरकले. "दुसरा गिअर काय?"

बापूसाहेब त्याच्याकडे बघत होते. रागाने नाही. परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या असलेल्या माणसासारखे, जरासे केविलवाणे. नूरमोहम्मदला ते बघवलं नाही. आणि खरं सांगायचं तर तो साहेबी कप आणि समोरचे तीन चेहरेही त्याला सोडवेनात.

"दुसरा गिअर असा पडतो साहेब, लोण्यात सुरी फिरावी तसा," तो म्हणाला. "अशी गाडी मी पाहिली नाही."

"वाहवा!" तळपद्यांनी टाळी वाजवली. बापूसाहेब मोठ्याने हसले आणि त्यांनी पानाचं तबक त्याच्यापुढे केलं. रुस्तमजी एकटेच दाढी खाजवत राहिले. मग म्हणाले, "ठीक. उद्या मोखाड्याला जाऊ. बघू तुझं लोणी."

संध्याकाळी गाडी आत लावताना पोश्याने विचारलं, "सांगलास?"

"सांगितलं."

"काय बोलले?"

"बघू म्हणाले."

पोश्याचं समाधान झालं. "तुला खुर्ची दिली," तो कौतुकाने म्हणाला. "मी बघला. तुझा ऐकतील ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. जाताना सगळं ठीक झालं. नूरमोहम्मद प्रत्येक उतारावर एका हाताने गिअरचा दांडा दाबून धरत होता आणि दुसऱ्या हाताने चाक सांभाळत होता. मोखाड्याला साहेबांनी बाजार पाहिला, तिथल्या खालसा, म्हणजे इंग्रजी मुलखातल्या, मामलेदाराला गाडी दाखवली, झाडाखाली डबे उघडले. परतताना ऊन चढलं होतं, ब्रेक आधीच तापले होते. गाडीत तिघं, डब्यांच्या टोपल्या, तळपद्यांनी विकत घेतलेली मधाची दोन मडकी. पोश्या पायरीवर.

त्या लांब उतारावर एक आंधळं वळण होतं. तिथे समोरून बैलगाडी आली आणि नूरमोहम्मदला चाक दोन्ही हातांनी फिरवावं लागलं. दांड्यावरचा हात निघाला. खट्.

बैलगाडी कशीबशी वाचली. ब्रेकमधून जळका वास आला आणि गाडी धरेना. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगराची माती. नूरमोहम्मदने गाडी डोंगराकडे घातली, पण तिचा वेग अजून जास्त होता. पोश्याने उडी मारली, धावत पुढे होऊन मागच्या चाकाखाली ठोकळा टाकला. चाकाने तो फेकून दिला. पोश्याने तो उचलला आणि परत लावला. या वेळी हात काढून घ्यायला त्याला उसंत मिळाली नाही. चाक ठोकळ्यावर चढलं, घसरलं आणि त्याच्या उजव्या हातावर येऊन थांबलं. गाडीचं नाक मातीत रुतलं होतं.

साहेबांना खरचटलंही नाही. रुस्तमजी सगळ्यांत आधी खाली उतरले. सगळ्यांनी मिळून गाडी ढकलली, हात सोडवला. रुस्तमजींनी आपला रेशमी मफलर फाडून तो घट्ट बांधला. पोश्या ओरडला नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

तळपदे रस्त्यात उभे राहून घाम पुसत म्हणाले, "अरेरे, मडगार्ड पार गेलं." मग स्वतःच ओशाळले.

रुस्तमजी गाडीत डोकावले. गिअरचा दांडा मध्ये होता. त्यांनी वळून नूरमोहम्मदकडे रोखून पाहिलं. "सुटला?"

"जी."

"आधी कधी सुटला होता?"

बापूसाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पोश्या झाडाला टेकून डोळे मिटून बसला होता.

"नाही साहेब," नूरमोहम्मद म्हणाला. "पहिल्यांदाच."

जव्हारच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोश्याची तीन बोटं आणि अर्धा तळवा काढून टाकला. अंगठा आणि करंगळी राहिली. महिना झाला तेव्हा बापूसाहेबांनी नूरमोहम्मदला बोलावून सांगितलं, "लाकडाच्या वखारीवर राखणदार हवा आहे. बसून राहायचं काम. पोश्याला सांग, जन्मभर त्याचीच जागा. माणसाने माझ्यासाठी हात दिला."

नूरमोहम्मद चालत साखरशेतला गेला. पोश्या ओट्यावर बसला होता. त्याची बायको सुकरी नाचणी पाखडत होती. नूरमोहम्मदने निरोप सांगितला.

पोश्या म्हणाला, "नको."

"अरे, बसून काम आहे."

"तू त्यांला सांगला होता ना? गाडी सुटते, म्हणून सांगला होता?"

सुकरीचं सूप थांबलं. ती नूरमोहम्मदच्या तोंडाकडे पाहत होती.

"हो," नूरमोहम्मद म्हणाला.

"तरी गाडी काढली. ठाव असून काढली. मी मेलो असतो तर लाकूड मोडला म्हणून दुसरा आणला असता. त्यांचा दाणा माझ्या घरात नको." मग त्याचा आवाज मऊ झाला. "तुझ्यावर राग नाय, नूरभाई. तू तर बोललास. मी सगळ्यांला सांगतो, एक तूच बोललास."

आणि त्याने खरंच सगळ्यांना सांगितलं. जव्हारच्या बाजारात लोक नूरमोहम्मदला थांबवून म्हणू लागले, शाबास, साहेबांच्या तोंडावर खरं बोललास. मशिदीतून बाहेर पडताना एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवर थाप मारली. खैरुनचीही मान ताठ झाली. तिच्याजवळसुद्धा त्याने तोंड उघडलं नाही. बापूसाहेबांना नकार कळला तेव्हा ते दुखावले. "मस्ती आहे," म्हणाले, आणि वखारीवर नवसू नावाच्या माणसाला ठेवलं.

मकरसंक्रांत होऊन गेली आणि मुंबईहून टपालाने एक लहानशी पेटी आली. रुस्तमजींनी आपण होऊन कंपनीच्या एजंटाला पत्र लिहिलं होतं. पेटीत बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग होती आणि सोबत चिठ्ठी. बापूसाहेबांनी ती वाचून दाखवली. गेल्या वर्षीच्या काही गाड्यांत गिअर धरणारी स्प्रिंग नरम निघाली होती. जे कोणी कळवतील त्यांना नवी स्प्रिंग मोफत पाठवली जात होती, झालेल्या त्रासाबद्दल कंपनी दिलगीर होती.

नूरमोहम्मदने अर्ध्या तासात ती बसवली. मग एकटाच गाडी घेऊन त्या उतारावर गेला. दुसऱ्या गिअरमध्ये घालून हात सोडला. गाडी मुंगीच्या पावलांनी तळापर्यंत उतरली. तळाशी पोहोचल्यावर त्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडला.

तिथून तो थेट साखरशेतला गेला. पोश्याच्या घराजवळ मोटार जात नव्हती. ती रस्त्यावर सोडून तो चालत पोहोचला. शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायचे दिवस होते. कोयता घेऊन सुकरी झाडावर चढली होती आणि पोश्या खाली उभा राहून डाव्या हाताने फांद्या ओढत होता. या कामात पूर्वी गावात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता.

नूरमोहम्मदने उभ्याउभ्याच सांगितलं. "मी बोललो नव्हतो, पोश्या. खुर्चीवर बसलो आणि गाडीचं कौतुक करून उठलो. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं."

झाडावरचा कोयता थांबला. पोश्याने फांदी खाली ठेवली. तो चिडेल, अंगावर येईल, असं नूरमोहम्मदला वाटलं होतं. खरं म्हणजे तो तेच मागायला आला होता.

पोश्या म्हणाला, "मंग मी त्यांला उगा शिव्या घातल्या."

"माझ्यामुळे. मला घाल."

"वखारीचा काम मी सोडला. तू समोर होतास. तवा बी नाय बोललास."

वरून सुकरी म्हणाली, "त्याला जायला सांग." तिने पुन्हा कोयता चालवायला सुरुवात केली आणि फांद्या दोघांच्या मध्ये पडू लागल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोश्या बंगल्यावर आला. बापूसाहेब ओसरीवर बसले होते. नूरमोहम्मद गाडी धूत होता; नवं मडगार्ड बसवलेलं होतं. पोश्याला पाहून त्याचा हात थांबला. आता हा सगळं सांगणार, असं त्याला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटलं.

"मालक," पोश्या पायरीखाली उभा राहून म्हणाला, "मी तुला वाईट बोललो. गावभर बोललो. तुझी चूक नव्हती."

बापूसाहेब चकित झाले. "मग कोणाची होती?"

पोश्याने नूरमोहम्मदकडे पाहिलंसुद्धा नाही. "उताराची," तो म्हणाला. "काम असल तं दे."

बापूसाहेबांना बरं वाटलं. त्यांनी त्याच्या हाताची चौकशी केली. "पण वखारीवर आता नवसू आहे," ते म्हणाले. "त्याला कसं काढू? पुढच्या साली बघू काहीतरी. येत जा." पोश्याने मान डोलावली आणि तो फाटकाबाहेर गेला.

नूरमोहम्मद ओलं फडकं घेऊन तसाच पायरीपर्यंत आला. "मालक, उताराची नव्हती. माझी होती. गिअर त्याआधी चारदा सुटला होता. मला ठाऊक होतं." बोलायला लागल्यावर तो थांबला नाही. चहा, खुर्ची, रस्त्यावर रुस्तमजींना दिलेलं उत्तर, पोश्याला दोनदा सांगितलेलं खोटं, सगळं त्याने सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली, एवढं त्याने ठरवलं होतं.

बापूसाहेब ऐकत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"वेडा आहेस," ते म्हणाले. "मला बोलायचं होतंस. मी काय खाणार होतो तुला? एक पत्र टाकलं असतं." थोडा विचार करून त्यांनी आवाज खाली आणला. "आता हे रुस्तमजींसमोर काढू नकोस. आपल्याच गाडीत काय चाललंय हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून डहाणूभर हसतील. झालं ते झालं. स्प्रिंग बसली ना नीट?"

"बसली."

"मग काढ गाडी. तळपदे फोटोग्राफर घेऊन येतायत, त्यांना घ्यायला जायचंय."

नूरमोहम्मदने टोपी घातली आणि गाडी काढली. बाजार ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेने पोश्या चालत होता. भोंगा ऐकून तो बाजूला झाला, कोणत्याही मोटारीला द्यावी तशी त्याने वाट दिली, आणि धूळ येईल म्हणून डावा हात तोंडावर धरून पाठ फिरवून उभा राहिला. नूरमोहम्मदने गाडी हळू केली. पोश्या वळला नाही. धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच उभा होता, आणि गाडी पुढच्या वळणाआड गेली.